वाऱ्याचा रकाना

हिसाए-सान रकाने आखते पट्टीशिवाय:
तारीख, ऊन, वारा, वेळ, किती दिसले.
पायात मांडीपर्यंतचे रबरी बूट, गळ्यात दुर्बीण,
आणि खिशात सुक्या माखलीचा तुकडा.
तो तिच्यासाठी नाही,
तळ्यातल्या लाल नांगीवाल्या झिंग्यांसाठी.
बेडकांचं खाद्य म्हणून कधीकाळी बोटीतून आणले,
आता तळ्यातलं सगळं तेच खातात.

शिझुओकातलं हे तळं भातासाठी खोदलेलं.
भात आता कुणी लावत नाही.
पलीकडे मोटारींचे सुटे भाग बनतात,
भोंगा झाला की काठचे बोरू हलतात
असं मला वाटायचं.
मी त्याच कारखान्यातला. रविवारी इथे.

पहिल्याच रविवारी मी तिला सांगितलं,
आमच्या भाषेत याला चतुर म्हणतात.
म्हणजे?
म्हणजे हुशार.
ती हसली नाही.
हुशार असता तर दुसरं तळं शोधलं असतं, म्हणाली.
मग बऱ्याच वेळानं, सापळा उपसताना, माझ्याकडे न बघता:
असतं तर.

इथलं नाव बेक्को-तोम्बो.
बेक्को म्हणजे कासवाचं कवच,
त्या समुद्री कासवाचं, ज्याचे कंगवे व्हायचे.
तिच्या आईकडे होता एक, लग्नातला,
उजेडात धरला की मध, आणि मधात बुडालेले काळपट डाग.
तसेच डाग याच्या पंखांवर,
मुळाशी, मध्यावर, टोकाला.
ते कासवही आता त्याच लाल यादीत,
त्याच पायरीवर: अतिसंकटग्रस्त.
त्याच्याखाली दोनच पायऱ्या उरतात.
नाव उसनं घेतलं
तेसुद्धा बुडणाऱ्याकडून.

तेप्पेई सहावीत आहे, चिखलाला भीत नाही.
एकदा तासभर काही दिसलं नाही
म्हणून त्यानं रकाना तसाच सोडला.
हिसाए-साननं त्याच्या हातातून पेन्सिल घेतली.
कोरं म्हणजे कुणी आलंच नव्हतं.
शून्य म्हणजे आपण आलो होतो,
उभे राहिलो, डोळे दुखेपर्यंत पाहिलं,
आणि तो नव्हता.
यात फरक आहे. लिही.
त्यानं लिहिलं. जरा जास्तच गोल.

एप्रिलमध्ये योशिनोरी-सान होते.
जाळीतून चतुर काढायचे तो दोन बोटांत,
पंख मिटून धरायचे, पत्त्यांची जोडी धरावी तसे,
आणि बारीक पेनानं आकडा घालायचे.
तरुणपणी जहाजावर हिशेबनीस;
सातच्या मानेवर आडवी रेघ
ही तेव्हाची सवय.
सतरा तेवीस तारखेला सोडला.
त्याच्यानंतर अठरा, एकोणीस.
विसावा झालाच नाही.
दोन मेला पहाटे, झोपेत.
पुढच्या रविवारी हिसाए-सान आली,
तेच बूट, फक्त दुर्बीण त्यांची.
नोंद आहे: ढगाळ, वारा नाही, शून्य.

त्यानंतर दोनदा शून्य.
आम्ही बोरू कापले, उन्हाला वाट केली,
झिंगे मोजून बादलीत टाकले, तीनशे बारा.
त्यांचाही एक वेगळा कागद असतो.

आणि एकवीस मे, अकराला दहा कमी.
वाकलेल्या बोरूच्या शेंड्यावर
एक जण येऊन बसला,
उठला, तळ्यावर एक चक्कर मारली,
परत त्याच शेंड्यावर.
कडा फाटलेल्या. रंग उतरलेला. म्हातारा, चार आठवड्यांचा.
तेप्पेई कुजबुजला, आकडा आहे.
मी दुर्बीण मागितली नाही.
ती किती वेळ बघत होती सांगता येत नाही,
कारखान्याचा भोंगा झाला, बोरू हलला नाही.

रेघ आहे, म्हणाली. सातावर.

मग बसून सगळं भरलं.
तारीख. ऊन. वेळ. एक, क्रमांक सतरा, नर.
कागद दुमडून बुटात खोचला.
घरी नोंदी उतरवताना माझ्या लक्षात आलं
वाऱ्याचा रकाना कोरा आहे.
मी तो तसाच उतरवला.